दोनदा ‘जा’, एकदा ‘ये’

आमच्या सोसायटीच्या पावत्या अजून टर्बो पास्कल ७.० या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोग्रामवर निघतात, हे कोथरूडमध्ये कुणाला सांगू नका. नव्या सेक्रेटरींना त्यात माऊस हवा झाला. “पाच मिनिटांचं काम!” हे वाक्य ज्याला ते करायचं नसतं तोच म्हणतो. काल सकाळी नऊला बसलो, आणि खालचे काका चहाला म्हणून आले ते खुर्ची ओढून शेजारीच.

पास्कलला माऊस ठाऊकच नाही. ‘डॉस’ युनिट घ्यायचं, रजिस्टर्सचा, म्हणजे प्रोसेसरच्या एएक्स, बीएक्स वगैरे खणांचा, व्हेरिएबल करायचा, एएक्समध्ये कामाचा आकडा भरून इंटरप्ट $३३ ला, म्हणजे माऊस सांभाळणाऱ्या ड्रायव्हरला, हाक मारायची. डॉलर म्हणजे आकडा हेक्समध्ये, सोळाच्या हिशोबात. तो विसरलात तर साधे ३३ म्हणजे हेक्स २१, म्हणजे मशीन चालवणारा खुद्द डॉस. त्याच्याकडे ० चा अर्थ ‘प्रोग्राम आटपा’. माऊसकडे ० म्हणजे ‘आहेस का?’, १ म्हणजे दिस, २ म्हणजे लप. ३ दिला की बीएक्समध्ये बटणं, सीएक्स-डीएक्समध्ये जागा. ८० बाय २५ च्या पडद्यावरही ती जागा ६४० बाय २०० च्या हिशोबात येते, म्हणून ८ ने भागून १ मिळवायचा. तो १ मी विसरलो. पाचव्या ओळीतल्या ए-५ वर क्लिक केलं की ए-४ ची थकबाकी उघडायची. काकांनी ती चष्मा पुसून वाचली.

बटण सुटेपर्यंत, म्हणजे बीएक्स ० होईपर्यंत, थांबायचं. नाहीतर एका क्लिकला लूप, म्हणजे तेच ते पुन्हा करणारा भाग, भराभर पावत्या काढत सुटतो. तेही झालं. मग कर्सरच गायब.

“गेला कुठे?”

“ड्रायव्हर मोजणी ठेवतो, काका. ० असेल तरच कर्सर दिसतो. दर ‘लप’ला एक कमी. दोनदा ‘जा’ म्हटलं तर दोनदा ‘ये’ म्हणावं लागतं.”

“बरोबरच आहे त्याचं!” काकांनी बशी खाली ठेवली. “आमचे थोरले जावई. मुंजीत मी बोललो, ही बोलली. माफी मी एकट्याने मागितली. आले का? हिने वेगळा फोन केला तेव्हा आले.”

“पण आधीच चारदा ‘ये’ म्हणून ठेवलं तर साठत नाही. ० च्या वर जातच नाही.”

“कसं साठेल? आग्रह म्हणजे काय एफडी आहे? पण मुळात हाकलता कशाला त्याला?”

हाकलावं लागतं. कर्सरखाली नवं अक्षर लिहिलं, की तो हलताना ड्रायव्हर तिथे जपून ठेवलेलं जुनं अक्षर परत चिकटवतो. म्हणून आधी लपवा, लिहा, मग दाखवा. माझ्या प्रोसीजरमध्ये, म्हणजे हे काम करणाऱ्या तुकड्यात, थकबाकी शून्य असली की मधेच बाहेर पडायची ‘एक्झिट’ होती, आणि ‘दाखव’ची ओळ तिच्याखाली. म्हणजे वेळेवर पैसे भरणाऱ्याचं नाव उघडलं की कर्सर रुसणार. हे सापडायला अडीच वाजले. तोवर काका तीन कप चहा प्यायले आणि प्रत्येक वेळी बाजू माऊसचीच घेतली.

संध्याकाळी सेक्रेटरी आले, माऊस बाजूला सारून एफ-२ दाबून पावती काढली. म्हणाले, “सवय हो!”

शिवाय ए-४ ची थकबाकी आज लिफ्टमध्ये चर्चेला आहे, आणि ती मी फोडली असं ए-४ चं म्हणणं आहे.