एक की दोन?

कंबर दुखणाऱ्या माणसाला छळायला एकच प्रश्न पुरतो : ‘नक्की कुठे?’

दात दुखला तर त्यावर बोट ठेवता येतं. पायात काटा गेला तर डोळे मिटूनही दाखवता येतो. कंबर मात्र दुखते पुरेपूर, आणि पत्ता विचारला की हात वर करते. मी पालथी पडलेली, हे मलम घेऊन उभे. ‘इथे?’ ‘जरा वर.’ ‘इथे?’ ‘एवढं नाही हो. डावीकडे.’ ‘तुझ्या की माझ्या?’ शेवटी पाठभर मलम होतं आणि ठणकणारी जागा कोरडी ती कोरडीच. हे म्हणतात, तुला सांगता येत नाही. मी म्हणते, तुम्हाला चोळता येत नाही.

या भांडणाचा निकाल फिजिओथेरपिस्ट बाईंनी लावला. त्यांनी एक दोन टोकांचं उपकरण काढलं. कंपासपेटीतला कर्कटक मोठा होऊन वैद्यकीय शाखेला गेला असावा, असं ते दिसत होतं. ‘डोळे मिटा. पाठीला एक टोक लागतंय की दोन, तेवढं सांगा.’

‘एक.’

‘आता?’

‘एकच.’

‘आता?’

बाई मला फसवताहेत हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ठणकावून सांगितलं, ‘एक!’

‘तिन्ही वेळा दोन होती,’ बाई म्हणाल्या.

गणितात माझी प्रगती कधीच उल्लेखनीय नव्हती, पण दोनापर्यंत यायचं!

ही परीक्षा फार जुनी. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये स्पर्शावर ग्रंथ लिहिला, त्यासाठी त्याने अंगावर जागोजागी अशीच टोकं टेकवून पाहिली होती. बोटाच्या शेंड्याला दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात. धडधाकट पाठीला मात्र त्यासाठी चारेक सेंटिमीटर लागतात. थोडक्यात, पाठ जन्मतःच ढ. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो त्यात ओठ आणि बोटं ऐसपैस पसरलेली, आणि एवढ्या रुंद पाठीच्या वाट्याला बोळकांडी. त्यात कंबरदुखी जुनाट झाली की दोन टोकं वेगळी कळायला अंतर आणखी वाढवावं लागतं. कातडी ठणठणीत असते. घोळ वर, त्या नकाशात असावा असं मानतात. आधी नकाशा पुसट होतो आणि मग दुखणं रेंगाळतं, की दुखण्यानेच नकाशा पुसला जातो, यावर जाणकारांचं अजून चाललेलंच आहे. मला खटकतं ते वेगळंच. जिला दोन टोकं मोजता येत नाहीत, ती कंबर ठणकायला मात्र एवढी हुशार कशी?

२००८ मध्ये लॉरिमर मोझली या संशोधकाने जुनाट कंबरदुखीच्या काही रुग्णांना, तुमची पाठ तुम्हाला आतून जशी जाणवते तशी काढा, असं सांगितलं. जिथे दुखतं तिथेच त्यांच्या चित्रातल्या रेषा गायब झाल्या. बाईंनी मलाही कागद दिला. हात लावायचा नाही, आरशात बघायचं नाही. खांदे झकास उतरले. बरगड्यांपर्यंत रेघ डौलात आली आणि पुढे पेन्सिल हवेत राहिली. खाली काहीतरी असणार, हे तर्काने ठाऊक होतं. जाणवत काहीच नव्हतं.

‘कंबर कुठाय?’ चित्र पाहून यांनी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही शंका होती की टोमणा, हे कळायला मार्ग नसतो.

मग गृहपाठ मिळाला. घरच्या माणसाने दुखऱ्या भागावर बोटाने अक्षर काढायचं, मी ते ओळखायचं. स्पर्शाची अशी तालीम दिली की पाठ जरा शहाणी होते म्हणे. दुखणं त्याने किती उतरतं याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं.

आता मराठी वर्णमाला ही काही पाठीवर लिहायची वस्तू नव्हे. भ आणि म, घ आणि ध, ख आणि र-व... हे कागदावर लिहितात तेव्हाच आमच्यात वाद होतात. ‘म.’ ‘भ होता.’ ‘तुमचा भ असाच असतो.’ माझी पाठ कच्ची की यांचं अक्षर, हे ठरवायला तिसरं माणूस हवं, आणि तिसऱ्या माणसाला पाठ द्यायची माझी तयारी नाही.

पण सराव फुकट जात नाही. परवा मोठी मोठी अक्षरं सलग आली, जरा दाबूनच. घो. र. ते. स.

‘काय लिहिलं?’ यांनी उत्साहाने विचारलं.

चारही अक्षरं मला पहिल्या फटक्यात लागली होती.

‘धो... पुढचं काही कळत नाही बाई,’ मी म्हटलं. ‘स्पर्श बोथट झालाय ना!’