फोटोत प्लास्टर दिसलं म्हणून कळलं

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात करतात त्या पूजेचा, फोटो माहेराहून दुपारी दोनला आला. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पाच दगडांचे पांडव, पुढं आंबिलाचं मडकं, भज्जीचं पातेलं, उंड्यांची परात, पोरांच्या ओठांवर आंबिलाच्या पांढऱ्या मिशा. लातूरकडं येळवशीला सुट्टी असते, माझ्या नांदेडच्या ऑफिसला नव्हती. डबा उघडून बसले होते आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून एकेकाचं तोंड बघत होते. कोपेच्या कडेला आई. डाव्या हातावरून पदर ओढून घेतलेला, पदराखाली काहीतरी पांढरं. आधी वाटलं टॉवेल आहे. अजून मोठा केला तर बाहेर सुजलेली बोटं आणि कोपरापर्यंत प्लास्टर.

माझ्या आईचा हात मोडलाय आणि मला तो फोटोत शोधावा लागतोय!

भावाला फोन लावला. "काही न्हाई गं अक्का, नळाला पाणी आलतं, अंगणात घसरली. बारीक फ्रॅक्चर हाय." कधी? "झाले की नऊ-धा दिवस."

नऊ-दहा दिवस. यातल्या प्रत्येक रात्री साडेआठला मी आईशी बोललेय. एकही दिवस चुकवलेला नाही. "काय करायलीस माय?" "काय न्हाई, भाकरी थापायलेय." भाकरी! प्लास्टरमधल्या हातानं भाकरी थापत होती ती! आज ज्वारीची, काल बाजरीची, सोबत मेथीची भाजी. मी इकडं ऐकतेय आणि मनात म्हणतेय, चला, आईचं बरं चाललंय. त्या सगळ्या भाकरी वहिनी करत होती. एकदा आवाज उतरलेला वाटला म्हणून विचारलं तर म्हणे सर्दी झालीय. मी तिला हळद-दूध प्यायला सांगितलं. मोडलेल्या हाताच्या बाईला मी सर्दीचं औषध सांगत होते, आणि मागं बसलेलं अख्खं घर ते ऐकत होतं.

त्यात अजून एक. पडल्यावर पहिले दोन दिवस डॉक्टरकडं नेलंच नाही. गावातल्या एकाला बोलावून तेल लावून चोळून घेतलं. मोडलेलं हाड चोळलं! सूज बोटांपर्यंत उतरली तेव्हा लातूरला नेऊन एक्स-रे काढला. मला त्या संध्याकाळी एक फोन आला असता तर मी चोळू दिलं असतं का? रात्रीच गाडी करायला लावली असती. आणि पासष्टीच्या बाईचं मनगट साध्या घसरण्यानं मोडतं, तेव्हा हाडं ठिसूळ झालीत का हे बघावं लागतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी. यातलं काय झालं विचारलं तर भाऊ म्हणतो, "डॉक्टर काय बोलला न्हाई." अरे, तू विचारलंस का? सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल, पुढच्या वेळी खुबा मोडला तर काय करणार आहेस?

यावर उत्तर ठरलेलं. "तुला उगं कशाला ताण." हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय आणि आता कानावर पडलं की डोकं फिरतं. थोरले काका गेले तेव्हा माझ्या मुलाची बारावी होती, म्हणून मला दहाव्याच्या आदल्या दिवशी कळवलं. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. वर ऐकवलं की पोराचं वर्ष वाया गेलं असतं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर गाठायला असा किती वेळ लागतो? सकाळी निघालेलं माणूस रात्री घरी परत येतं. २०२३ पासून बायकांना तिकीटही अर्धं आहे. पण नाही, ताण.

२०१६चा उन्हाळा तर मी कधीच विसरणार नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. देशभर बातमी. माझ्या ऑफिसातले लोक मला विचारत होते, तुमच्याकडं कसं आहे? मी आईला विचारून सांगत होते, आमच्या बोअरला आहे थोडं पाणी. आमचं बोअर फेब्रुवारीतच आटलं होतं. अण्णा गुडघेदुखीचे, सायकलला दोन घागरी अडकवून पाणी आणत होते. मला हे कळलं दिवाळीत, तेही शेजारच्या काकूंच्या तोंडून. मिरजेची गाडी कधी सुटली हे मला ठाऊक होतं, माझ्या बापाच्या घागरी ठाऊक नव्हत्या.

हेच घर, हेच अण्णा. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३:५६ला जमीन हादरली तेव्हा आईचं माहेर किल्लारीच्या बाजूला. फोन कुठला तेव्हा. अण्णा उजाडायच्या आत सायकल काढून औशाहून पावसात, चिखलात निघाले, ढिगारे बघत गेले, मामाला जिवंत बघितलं आणि रात्री परत येऊन आईला जे बघितलं ते सगळं सांगितलं. कोण गेलं, कोण राहिलं, कुणाचं घर कसं बसलं. त्यांना तेव्हा वाटलं नाही की हिला ताण येईल. आई त्या रात्री रडली, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून स्वतः तिकडं गेली. खबर कळली म्हणून जाता आलं. आता खिशाखिशात फोन आहेत आणि माझ्यापर्यंत खबर येत नाही.

बाकी सगळं येतं हं. लातूरच्या आडतीत सोयाबीनला काय भाव लागला ते येतं. चुलत्याच्या म्हशीला रेडी झाली, फोटोसकट येतं. सकाळी सहापासून फुलं, देव, सुविचार येतात. कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणी गाडी घेतली, बारशाचं जेवण, सगळं मिनिटात. फक्त घरात काही मोडलं, आटलं, दुखलं की मी पाहुणी. गोड तेवढं पाहुण्याला वाढतात. लेक सासरी गेली म्हणून तिच्या ताटात दुःख वाढायचं नाही, हे कुणी ठरवलं? माझ्या आजारपणात आई पंधरा दिवस येऊन राहिली होती, तेव्हा मी लपवलं होतं का तिच्यापासून? उलट पहिला फोन तिलाच केला होता, कण्हत कण्हत.

वहिनीचाही राग आला. मग तिनं हळूच सांगितलं, "आत्यांनीच शपथ घातली हो ताई. मी दोनदा फोन हातात घेतला." आत्या म्हणजे माझी आई, तिची सासू. तिच्यावरचा राग गेला. ती बिचारी दोन्ही हातांची कामं एकटी ओढतेय.

रात्री साडेआठला नेहमीसारखा फोन केला. आई म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हणाले, "कोणता हात?" बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डावा. ठणकतो गं रात्री, झोप लागत न्हाई."

दहा दिवसांत पहिल्यांदा खरं बोलली. ठणकतो, तर उशीवर हात उंच ठेवून झोप, बोटं हलवत राहा, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर रात्री दोन वाजता पण उठव सगळ्यांना, हे सगळं मी सांगितलं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये हुंदका देत होती. उद्या पहाटेच्या एसटीनं निघतेय. एक्स-रे माझ्या डोळ्यांनी बघणार आहे, डॉक्टरला मीच विचारणार आहे. आणि अंगणातलं ते शेवाळ, नळाच्या चावीपासून उंबऱ्यापर्यंत, चुना टाकून मी स्वतः घासणार आहे.