पडायला आलेला बुश आणि माझा रविवार

आमची गाडी २ लाख १४ हजार किलोमीटर चाललीये आणि गेलं वर्षभर स्पीडब्रेकरवरून उतरताना ती "खट्टाक" करायची. डिकीतला जॅक सैल असेल म्हणून मी तो काढून घरात ठेवला, मग स्टेपनी काढली, मग डिकीत उरलंसुरलं होतं तेही काढलं, आवाज तसाच. शेवटी गाण्यांचा आवाज वाढवला, त्याने मात्र बराच फरक पडला. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरच घरात वर्दी जायची की बाबा आले.

पण मग ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली, पुढचं टायर आतून गुळगुळीत झालं, तेव्हा खाली वाकून बघितलं. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बुश उभा चिरलेला! पहारीने जरा ढकललं तर आर्म पडायला आलेल्या दातासारखा हलला. आता बुश म्हणजे काय, तर लोखंडाच्या एकात एक दोन नळ्या आणि मधे पक्कं चिकटवलेलं रबर. चाक वरखाली झालं की रबर पिळवटणार, परत सरळ होणार, बास. एवढ्याशा रबरासाठी मेकॅनिककडे कशाला जायचं, असं मी मोठ्याने म्हणालो. मोठ्याने म्हणायला नको होतं.

बोल्ट गंजून आतल्या नळीशी एकजीव झालेला. तेल मारलं, वाट बघितली, परत मारलं, पान्याला पाइप लावून लटकलो आणि फिरला की हो! फक्त त्याच्याबरोबर नळीपण फिरत होती, बाहेर काहीच येईना. तो हातोड्याने निघेपर्यंत दुपार झाली. आर्म सुटल्यावर बुश दाबून बाहेर काढायला प्रेस लागतो, तो कोणाच्या घरी असतो? व्हिडिओतला माणूस एका बाजूला छोटा सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट लावून शिकंजा आवळतो आणि बुश लोण्यासारखा सरकतो. माझा शिकंजा टेबलासकट उचलला गेला. मग ड्रिलने रबर पोखरलं, हॅकसॉचं पातं आत घालून बाहेरची नळी चिरली, आर्मला चरा जाऊ नये म्हणून श्वास धरून, आणि छिन्नीने ती आत दुमडली. तेव्हा कुठे सुटली.

नवे बुश रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवलेले, थंडीने नळी केसभर आकसते म्हणून. "हे काय आहे?" बायकोने विचारलं. "बुश." तिने फ्रीजर बंद केला, पुढचं काही विचारलंच नाही, त्याचंच जास्त लागलं. बसवताना साबणाचं पाणी लावलं (तेल नाही, तेलाने रबर फुगतं), रबरातल्या पोकळीची दिशा खुणेशी जुळवली, सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले आणि मग वाचलं की शेवटचं आवळणं चाकांवर गाडीचं वजन असतानाच करायचं. चाक लटकलेलं असताना आवळलं तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझ्या मानेचं असंच काहीतरी झालेलं असणार. परत सगळं ढिलं केलं, गाडी रॅम्पवर चढवली, परत खाली शिरलो.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून संध्याकाळी परत आलो. कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर आला कधी, गेला कधी, कळलंच नाही. दार उघडलं तर उद्या पेपर असलेले आमचे चिरंजीव टेबलावर पाय टाकून मोबाइलवर गेम खेळतायत. दचकून उठला आणि म्हणाला, "बाबा, गाडी बंद पडली का? चालत आलात?"