घरून काम करणाऱ्यालाच आधी नारळ मिळतो?

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘जे काम घरून होतं, ते दुसऱ्या देशातून निम्म्या पगारात होतं. कपात आली की घरून काम करणारा पहिला जातो. म्हणून रोज ऑफिसात दिसा, नोकरी टिकेल.’ यात तीन वेगवेगळे दावे एकत्र कोंबलेत. ते सुटे करून पाहू.

पहिला दावा परदेशी जाणाऱ्या कामाचा. अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी 2007 मध्ये अंदाज बांधला होता, की अमेरिकेतल्या 22 ते 29 टक्के नोकऱ्या बाहेर पाठवता येण्याजोग्या आहेत. हा आकडा ‘जाऊ शकतात’चा, ‘जाणार’चा नव्हे. कॉल सेंटर, पगारपत्रकं, डेटा एंट्री ही कामं परदेशी गेली तेव्हा ती करणारे रोज ऑफिसातच बसत होते. काम बाहेर जातं ते त्याचे तुकडे पडतात, लेखी सूचनेवर चालतं आणि शेवटी तपासता येतं म्हणून. तुम्हाला न ओळखणारा माणूस तुमची कार्यपद्धतीची फाइल वाचून ते काम आठवड्यात उचलू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल तर धोका आहेच, खुर्ची कुठेही असो. एक मात्र मान्य करायला हवं: घरून काम सुरू झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी तोंडी चालणाऱ्या गोष्टी लिहून काढल्या, आणि त्याने हे तुकडे पाडणं सोपं झालं.

दुसरा दावा, पहिला नंबर कुणाचा. कपातीत वरून बहुतेकदा रक्कम ठरून येते, नावं नाहीत. मग विभागप्रमुखापुढे एक शीट उघडते: पद, प्रोजेक्ट, पगार, कामगिरीची मागची रेटिंग्ज. प्रोजेक्टच बंद होत असेल तर कोण कुठे बसतो हे कुणी विचारत नाही. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीला ऑफिसच नाही. तिने फेब्रुवारी 2023 मध्ये 7 टक्के लोक कमी केले. त्याआधीच्या महिन्यात गुगलने 12,000 जणांची कपात जाहीर केली, आणि तिथे ऑफिसं भरू लागली होती.

अंतराचा फटका बसतो तो आधीच्या पायरीवर, रेटिंगच्या बैठकीत. तिथे सगळे मॅनेजर आपापली माणसं शेजारी-शेजारी ठेवून तोलतात. एकेकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं येतात, आणि ज्याचं नाव बाकीच्या मॅनेजरांनी कधी ऐकलेलंच नाही, तो सहज ‘मध्यम’मध्ये जाऊन पडतो. पुढे तेच रेटिंग त्या शीटमध्ये येऊन बसतं.

पण ‘घरून’ म्हणजे किती घरून? चीनच्या सीट्रिप कंपनीत 2010-11 मध्ये कॉल सेंटरच्या लोकांना नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. कामगिरी 13 टक्के वाढली, मात्र तेवढीच कामगिरी असलेल्या ऑफिसवाल्यांपेक्षा त्यांना बढती कमी मिळाली. त्याच कंपनीत पुढे 1,612 जणांवर दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस असा प्रयोग झाला. 2024 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत बढतीत फरक दिसला नाही, राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले. मेसेज या दोन्ही प्रकारांना एकाच दावणीला बांधतो.

राहिला ‘रोज दिसा’चा सल्ला. तुमचा मॅनेजर दुसऱ्या शहरात असेल तर ऑफिसात हेडफोन लावून बसल्याने तुम्ही कुणालाच दिसत नाही. त्यापेक्षा दर शुक्रवारी तीन ओळी पाठवा: काय झालं, त्याने काय फरक पडला, काय अडलंय. ‘बिलांचं काम चालू आहे’ असं नको. ‘212 पैकी 9 बिलं अडकली होती, 7 सुटली, 2 खरेदी विभागाकडे, उत्तर गुरुवारी’ असं हवं. स्वतःचा वर्षभराचा गोषवारा रेटिंगच्या महिनाभर आधी द्या. शेवटच्या दिवशी दिलात तर मॅनेजरचा कच्चा मसुदा आधीच ठरलेला असतो.

चॅटमधला ‘हजर आहे’ दाखवणारा हिरवा ठिपका पेटता ठेवायला माउस हलवणारी यंत्रं वगैरे तर विसराच. 2024 मध्ये वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण करण्यावरून डझनभराहून अधिक जणांना काढलं. ही कपात नव्हे, गैरवर्तन. अशा वेळी कपातीत मिळते तशा भरपाईचा प्रश्नच सहसा उरत नाही.

मेसेजने गाळलेला खरा धोका परत बोलावण्याच्या आदेशात आहे. ॲमेझॉनने जानेवारी 2025 पासून पाच दिवस ऑफिस लावलं, तसा आदेश कुठेही येऊ शकतो. म्हणून नेमणुकीचं पत्र आजच काढून वाचा. ‘कामाचं ठिकाण: घर’ आणि ‘सध्या घरून, कंपनी सांगेल तिथे’ यांत फार अंतर आहे. मॅनेजरच्या चॅटवरच्या होकारावर विसंबू नका, एचआरकडून सुधारित पत्र मागा. कोणत्या ऑफिसला जोडलेले आहात, किती दिवसांची पूर्वसूचना मिळेल आणि नकार दिला तर तो राजीनामा धरणार की कंपनीने कमी केलं असं धरणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. तिसऱ्याचं उत्तर हातात येईपर्यंत रागाच्या भरात राजीनामा टाइप करू नका. स्वतःहून गेलेल्याला भरपाई द्यावी लागत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.