पखवाजवाला झोपलेला नाही!

सकाळी एका भजनी मंडळाचं रील पाहिलं. अभंगाची चाल सुरेख, बुवांचा गळा मोकळा. आणि खाली पहिलीच कमेंट: "पखवाजवाला झोपलाय का?" त्यावर हसणाऱ्यांची रांग. अरे, हेडफोन लावून ऐका! माणूस जीव तोडून वाजवतोय.

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात ती खर्जासाठी. मोबाईलचा स्पीकर साधारण 200-300 हर्ट्‌झच्या खाली, म्हणजे खोल स्वरांना, जवळजवळ मुका. म्हणून उजवी पुडी ऐकू येते आणि डावीची घुमक जाते.

खरा राग येतो तो मिक्स करणाऱ्यांचा. खर्ज कमी वाटला की 60-80 हर्ट्‌झ हा पट्टा वाढवायचा! मोबाईलवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट न ऐकू येणाऱ्या त्या थापेवर लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं साधन) दाबायला लागतो आणि दर थापेला बुवांचा आवाज खाली बसतो. त्यापेक्षा डाव्या पुडीच्या ट्रॅकची कॉपी काढा, तिला सॅच्युरेशन (मुद्दाम दिलेला हलका खरखरीतपणा) द्या, मग 150 हर्ट्‌झखालचं कापा आणि 200 ते 800 मधले हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) मूळ ट्रॅकसोबत थोडेथोडे मिसळा. ते ऐकू आले की खालचा मूळ स्वर कान आपणच भरून काढतो. मग सगळं मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. मागे गाणाऱ्यांचा कोरस वाइडनरने (आवाज डावी-उजवीकडे रुंद करणारं साधन) पसरवला असेल तर मोनोत निम्मे टाळकरी गायब झालेले कळतील.

थेट मोबाईलवर रेकॉर्ड करत असाल तर फोन टाळांपासून लांब ठेवा. ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) चालू असेल तर टाळ कडाडले की बाकी सगळं दबतं. नॉइज सप्रेशनही बंद करा, नाहीतर तंबोऱ्याचा सलग सूर गोंगाट समजून पुसला जातो. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, म्हणजे आवाजाचा दर्जा घसरत नाही.

मान्य आहे, मोबाईल नसता तर हे मंडळ तालुक्याबाहेर कुणी ऐकलं नसतं. पण किंमत केवढी! स्पॉटिफायवर 30 सेकंदांनंतरच गाणं ऐकल्याचं मोजतात, म्हणून आधीचा आलाप कापून थेट धृपदावर उडी. शिवाय 2024 पासून मागच्या 12 महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर तिथे त्या रेकॉर्डिंगचा एक पैसाही मिळत नाही. छोट्या मंडळांनी जायचं कुठे?

त्या कमेंटवाल्यावर आता तेवढा राग नाही. पखवाजासमोर बसून त्याने कधी ऐकलंच नसेल, तर त्याला कळणार कसं?

मंडळांना मात्र हात जोडून सांगणं आहे. गाणं अपलोड करताना वादकांच्या नावांचा रकाना असतो. घाईत तो कोराच सोडतात, फक्त गायकाचं नाव जातं. पखवाज कुणी वाजवला, पेटी कुणी, टाळ कुणी, सगळं लिहा. अपलोड करायच्या आधीच लिहा, नंतर कुणी परत उघडून भरत नाही.