‘वाऱ्याचा डोळा’ सगळीकडे सारखा नाही

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. ‘विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. सगळ्या नॉर्डिक देशांत खिडकीला आजही हेच म्हणतात. आयर्लंड-स्कॉटलंडने हा शब्द इंग्रजांकडून घेतला, आणि मुळात तो आपल्या गवाक्षाचाच अपभ्रंश.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘विंद’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा; दोन्ही मिळून ‘विंदाउगा’, म्हणजे खिडकी. पुढचे तिन्ही दावे मात्र चुकीचे आहेत.

सगळ्या नॉर्डिक देशांत? डेन्मार्क आणि नॉर्वेत या शब्दाचे वंशज आहेत, फॅरो बेटांवरही आहेत. पण स्वीडिश माणूस ‘फॉन्स्टर’ म्हणतो, तो लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून जर्मनमार्गे आला. आइसलँडमध्ये तर ‘ग्लुग्गी’ म्हणतात. त्याचाच भाऊ ‘ग्लुग’ स्वीडिशमध्ये आहे, पण तिथे त्याचा अर्थ नुसतं लहानसं भोक. लिंगही एक नाही: डॅनिश आणि नॉर्वेजियन खिडकी नपुंसकलिंगी, आइसलँडची पुल्लिंगी.

इंग्रजांकडून घेतला, हे तर मला फारच खटकतं. व्हायकिंगांनी डब्लिनला तळ ठोकला ८४१ साली. बाजार, सुकाणू यांच्यासाठीचे आयरिश शब्द त्यांच्याकडून आले, तसाच ‘फिन्योग’, म्हणजे खिडकी. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द ‘डोळ्याचं भोक’ अशा अर्थाचा होता; ‘विंडो’ त्यांनीही नॉर्समधूनच आणला. दोघांनी एकाच घरून उसनं आणलं, एकमेकांकडून नाही.

आणि आयरिशमध्ये गेल्यावर त्या शब्दाचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. ‘आउगा’चा आवाज तिथल्या ‘-ओग’ या स्त्रीलिंगी प्रत्ययात मिसळला, नपुंसकलिंगी शब्द स्त्रीलिंगी झाला. डोळा नाहीसा झाला, कारण आयरिशमध्ये डोळा ‘सूल’; वाराही गेला, तो तिथे ‘गीह’. आयरिश माणसाला त्या शब्दात फक्त खिडकी ऐकू येते.

गवाक्षाबद्दल. ‘गो’ आणि ‘अक्ष’, म्हणजे बैलाचा डोळा. ‘आउगा’ आणि संस्कृत ‘अक्षि’ यांचं फार दूरचं नातं आहे, ‘विंद’ आणि ‘वात’ यांचंही. पण ‘गो’चा वाऱ्याशी काय संबंध? खिडकीला डोळा म्हणणं दोन ठिकाणी वेगवेगळं सुचू शकतं.

शेवटी व्याकरणातली एक गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात आवडते. स्त्रीलिंगी नामाआधी ‘अन’ हे उपपद आलं की आयरिशमध्ये सुरुवातीचा ‘फ’ मुका होतो: ‘अन इन्योग’. आयरिशची बहीण असलेल्या स्कॉटिश गेलिक भाषेत तो ‘फ’ कायमचाच गळाला, उरलं ‘उन्यग’. पण आयर्लंडच्या बऱ्याच बोलींत ‘खिडकीपाशी’ म्हणायचं झालं की ‘फ’चा ‘व’ होतो, ‘एग अन विन्योग’, आणि हजारेक वर्षांपूर्वीच्या नॉर्स ‘विंद’ची सुरुवात पुन्हा कानावर येते.