सालीची गिऱ्हाइकं

डाळिंबाचं झाड लावणाऱ्याला फक्त दाणे हवे असतात आणि उरलेल्या जगाला दाणे सोडून सगळं. वाटणी तशी सोयीची आहे. पण साल हवी तरी आधी फळ पिकावं लागतं, आणि ते पिकवायचं खातं एकट्या माझ्याकडे आहे.

बी पेरून आलेलं रोप आईच्या गुणावर जाईलच याची खात्री नसते, म्हणून मी कलमच लावलं. कलम दोन-तीन वर्षांत फळावर येतं म्हणतात. तोवर हे झाड आपली सगळी हुशारी बुंध्याशी फुटवे काढण्यात खर्च करतं. आज छाटावेत, आठवड्याने पुन्हा हजर. शिवाय काटे! डाळिंबाला काटे असतात हे फळं विकत आणून खाणाऱ्याच्या गावीही नसतं. माझ्या मनगटावर मात्र त्याची लेखी नोंद आहे.

मग एकदाची फुलं आली. भडक शेंदरी, बघत राहावीत अशी. त्यातली बरीचशी दोन दिवसांत जमिनीवर. आत्याने पायरीवर उभ्या उभ्या निदान केलं, "दृष्ट लागलीय रे." मी एक पडलेलं फूल उचलून दाखवलं. बुडाशी निमुळतं असतं ते नर, ते गळणारच. बुडाशी फुगीर असतं तेच फळ धरतं. "म्हणजे नुसतेच मिरवणारे," आत्या म्हणाली, आणि आत पेपर वाचत बसलेल्या आपल्या यजमानांकडे तिने एक कटाक्ष टाकला.

फूल ते फळ हा प्रवास पाच-सात महिन्यांचा. एवढा काळ झाडाला पाणी कसं द्यायचं, तर बेताने आणि नेमाने. ताण पडला की साल आवळून घट्ट होते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की आत दाणे फुगतात, साल काही ताणत नाही, आणि फळ उभं तडकतं. मी मापाने पाणी घालायचो. पावसाला माप कोण दाखवणार? एका रात्रीत त्याने माझी सगळी शिस्त धुऊन नेली. सकाळी तडकलेल्या फळांवर मुंग्या आणि पाखरं न्याहारीला बसली होती.

तडकण्यातून वाचलेल्या फळांवर एक फुलपाखरू टपलेलं असतं. दिसायला देखणं, निळसर झाक असलेलं. ते कोवळ्या फळांवर अंडी घालतं, अळी साल पोखरून आत शिरते आणि दाण्यांवर ताव मारते. बाहेर एवढंसं भोक आणि त्याच्या तोंडाशी विष्ठा, बस्स. उपाय म्हणजे फळांना पिशव्या बांधणं. मी घरातले जोडी हरवलेले पायमोजे बांधले. लांबून पाहणाऱ्याला झाडाला बरेच पाय फुटलेत असं वाटायचं.

एवढ्यात गिऱ्हाइकं जमू लागली. शेजारच्या काकूंनी आधीच बजावून ठेवलं, "साल टाकू नका हं, वाळवून द्या." पोट बिघडलं की वाळलेल्या सालीचं चूर्ण ताकातून घ्यायचं, हा त्यांचा पिढीजात उपाय. त्यात तथ्य आहे. सालीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ते स्तंभक, म्हणजे जुलाब आवरणारं असतं. आयुर्वेदातलं दाडिमाष्टक चूर्ण पोटासाठीच दिलं जातं. मी मान डोलावली. फळ पिकायचं होतं, पण साल बुक झाली होती.

ओळखीच्या एका आजोबांना थेट मुळाची साल हवी होती, जंतांवर. आता हा उपायही हवेतला नाही. इजिप्तच्या सुमारे साडेतीन हजार वर्षं जुन्या एबर्स पपायरस या वैद्यकाच्या हस्तलिखितात डाळिंबाच्या मुळाने जंत पाडायची कृती आहे, आणि 1878 मध्ये तांरे नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने त्या सालीतून पेलेटिएरिन हे जंतांवर चालणारं द्रव्य वेगळं काढलं. पण ते विषारीही असतं, मात्रा चुकली तर भलतंच होऊन बसायचं. मी म्हटलं, "आजोबा, जंतांसाठी डॉक्टर आहेत. मूळ सोललं तर माझ्या झाडाला कोण आहे?" त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

भाची नैसर्गिक रंगाई शिकते. तडकलेल्या फळांची सालं तिने मागून नेली नाहीत, आमच्याच स्वयंपाकघरात उकळली. डाळिंबाच्या सालीचा रंग पिवळा येतो, आणि टॅनिनमुळे सुती कापडावर दुसरे रंगही पक्के बसतात, इतकं तिला पाठ होतं. लोखंडाशी गाठ पडली की हाच रंग काळपट होतो, हेही पाठ होतं म्हणे. पण हाताला लागली ती लोखंडी कढई. पांढरी ओढणी बाहेर आली ती उंदराच्या रंगाची. "मला हीच छटा हवी होती," ती म्हणाली. कढईत पुढे चार दिवस भाजी करता आली नाही.

ग्रीक पुराणातल्या पर्सेफनीने पाताळात डाळिंबाचे मोजके दाणे खाल्ले, म्हणून तिला दर वर्षी काही महिने तिथे राहावं लागतं. मी एकही दाणा न खाता बारा महिने झाडाखालीच होतो.

डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे घाई करून चालत नाही. गोल फळाला बाजूंनी कोपरे आले, टिचकी मारल्यावर धातूसारखा टणक आवाज आला, की समजायचं तयार झालं. येणारा-जाणारा प्रत्येक जण टिचक्या मारून जायचा आणि प्रत्येकाला वेगळाच आवाज यायचा. शेवटी मी माझ्या कानावर विसंबून एक तोडलं.

मुकुट कापला, सालीवर उभ्या चिरा दिल्या आणि फळ पाण्याच्या पातेल्यात धरून उकललं. या पद्धतीत दाणे तळाशी बसतात, पापुद्रे वर तरंगतात आणि शिंतोडे उडत नाहीत. तरी एक उडालाच, नव्या पांढऱ्या शर्टाच्या ऐन खिशावर. मी नळाकडे धावलो, तर भाचीने हात धरला.

"मामा, धुऊ नकोस! कढईत जरा बुडव, पक्का बसेल."